टेम्पो धडकला, बीम वाकला. पण इतकाच का वाकला?

आमच्या गावाबाहेर रेल्वेखालून जाणारा एक अंडरपास आहे. त्याच्या अलीकडे पन्नास पावलांवर लोखंडी कमान उभी आहे: दोन खांब आणि वर आडवा बीम. सरकारी भाषेत हाइट गेज. बीमखालून गाडी गेली तर अंडरपासमधूनही जाईल, नाहीतर इथेच अडकेल. पुलाचा मार कमानीने खायचा, एवढंच तिचं काम.

मागच्या महिन्यात बंद बॉडीचा एक पिकअप टेम्पो त्या बीमला धडकला. बॉडीचा वरचा कोपरा चेपला आणि बीम मधोमध धनुष्यासारखा वाकला. मी पोचलो तेव्हा दुरुस्तीला बोलावलेले वेल्डिंगवाले काका बीमकडे मान वर करून बघत होते. ड्रायव्हर म्हणजे विशीतलं पोरगं. ते परत परत सांगत होतं, "काका, पहिल्या गिअरमध्ये होतो, देवाशप्पथ."

"पहिल्या गिअरमध्ये गर्डर एवढा वाकतो होय रे?" काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "साहेब, तुम्ही इंजिनिअर ना? सांगा बरं, किती स्पीडने ठोकली असेल?"

अशा वाकलेल्या कमानींचे आणि कठड्यांचे फोटो पेपरात नेहमी येतात, खाली 'जोरदार धडक' एवढंच लिहिलेलं असतं. जोरदार म्हणजे किती, ते मोजता येतं का? येतं. अगदी काटेकोर नाही, पण कागद, पेन्सिल आणि दहावीचं गणित एवढ्यावर बरंच जवळ जाता येतं.

'जोर किती?' हा प्रश्न बाजूला ठेवा

धडक म्हटली की आपल्या डोक्यात पहिला प्रश्न येतो: बीमवर किती टनांचा जोर आला? स्लॅबवर पाण्याची टाकी ठेवायची असेल तर हा प्रश्न बरोबर आहे. टाकीचं वजन ठरलेलं असतं, स्लॅब काहीही असो. धडकेत तसं नसतं. जोर आधीच ठरलेला नसतो, तो टेम्पो आणि बीम मिळून ठरवतात. बीम मऊ असेल तर टेम्पो हळूहळू थांबतो आणि जोर कमी राहतो. बीम ताठ असेल तर तोच टेम्पो झटक्यात थांबतो आणि जोर अनेक पटींनी वाढतो.

रद्दीवाल्याचा ताणकाटा आठवा. गठ्ठा हुकाला लावून हळूहळू सोडला तर काटा दहा किलोवर जाऊन थांबतो. हाच गठ्ठा हुकाला लावून एकदम सोडला, उंचावरून टाकला नाही, फक्त एकदम सोडला, तर काटा क्षणभर वीसच्या जवळ जाऊन परत येतो. वजन तेच, पण स्प्रिंगला जाणवलेला जोर दुप्पट. उंचावरून टाकला तर त्याहून जास्त.

म्हणून धडकेत विचारायचा प्रश्न असा: टेम्पोने सोबत किती ऊर्जा आणली आणि ती कुठे जिरली? ही ऊर्जा फक्त वजन आणि वेगावर अवलंबून असते, बीम कसा का असेना. निम्मं वजन गुणिले वेगाचा वर्ग. मालासकट अडीच टनांचा टेम्पो ताशी १० किलोमीटरने येत असेल तर त्याच्याकडे साधारण ९.६ किलोज्यूल ऊर्जा असते. आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर असं समजा: सिमेंटची ५० किलोची एक गोणी सहाव्या-सातव्या मजल्यावर चढवायला एवढीच ऊर्जा लागते. चढवणाऱ्याला विचारा, ती काही कमी नाही.

टेम्पो थांबला म्हणजे ही सगळी गोणीभर ऊर्जा कुठेतरी खर्च झाली. बहुतेक बीमला वाकवण्यात.

'प्लास्टिक' म्हणजे बादलीचं प्लास्टिक नाही

बांधकामावर सळईच्या रिंगा वळणारा कारागीर बघितला असेल. पाटावर ठोकलेल्या खिळ्यांमध्ये सळई अडकवतो आणि हातातल्या पान्याने वळवतो. नीट बघा: काटकोन हवा असेल तर तो सळई काटकोनाच्या थोडी पुढेच नेतो. कारण हात सोडला की सळई जराशी मागे येते. जेवढी मागे आली तेवढा बाक लवचीक, म्हणजे स्प्रिंगसारखा. जेवढी वळलेली राहिली तेवढा बाक कायमचा. या कायमच्या बाकाला इंजिनिअर लोक 'प्लास्टिक' बाक म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ 'आकार देता येण्याजोगं'. बादलीला हे नाव फार नंतर मिळालं.

लवचीकपणा संपून कायमचा बाक सुरू होतो ती हद्द म्हणजे 'यील्ड'. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या साध्या स्ट्रक्चरल स्टीलचा दर्जा ई-२५०. यातले २५० म्हणजेच ही हद्द: अंगठ्याच्या नखाएवढ्या, एक चौरस सेंटीमीटर जागेवर अडीच टनांचा ताण. तिथपर्यंत स्टील स्प्रिंग असतं. त्यापुढे ते ताण फारसा न वाढवता नुसतं ताणलं जातं, ऊर्जा खात राहतं आणि खाल्लेली परत देत नाही.

हा 'परत देत नाही' मुद्दा महत्त्वाचा आहे. बीम नुसता स्प्रिंगसारखा असता तर त्याने टेम्पोला त्याच वेगाने मागे फेकलं असतं.

घट्ट बिजागरी

वाकलेला बीम जवळून बघितला तर एक गंमत दिसते. तो सगळीकडे सारखा वाकलेला नसतो. लांबून धनुष्य वाटतं, पण डोळा बीमच्या रेषेत आणून बघा: मधे एक ठळक कोन, दोन्ही टोकांना खांबाजवळ एकेक कोन आणि मधले दोन तुकडे जवळजवळ सरळ. आमच्या बीमचा रंगही तेच सांगत होता. मधल्या हातभर भागात आणि टोकांना पिवळ्या-काळ्या रंगाचे पापुद्रे निघाले होते, बाकी ठिकाणी रंग जसाच्या तसा. स्टील ताणलं गेलं पण रंग ताणला नाही, म्हणून तो फुटला.

ज्या जागी कोन पडतो तिला म्हणतात प्लास्टिक बिजागरी. आपल्या दाराची बिजागरी मोकळी फिरते. ही तशी नाही. गंजून घट्ट झालेली बिजागरी आठवा: फिरते, पण प्रत्येक अंशाला जोर लावायला लावते, आणि तो जोर साधारण सारखाच राहतो. बीमच्या बिजागरीला फिरवायला लागणारा हा पीळ बीमचा आकार आणि स्टीलचा दर्जा यांवरून आधीच काढता येतो. पुढे याला मी 'बिजागरीची ताकद' म्हणेन.

आमचा बीम आयएसएमबी २००, म्हणजे इंग्रजी आय अक्षराच्या आकाराचा. उंची २०० मिलिमीटर, वरच्या-खालच्या पट्ट्या १०० मिलिमीटर रुंद. तो उभा बसवलेला होता, आय अक्षर वाचता येईल असा. इथेच खरी मेख आहे. वरून येणाऱ्या वजनासाठी आय उभाच लावायचा असतो आणि त्या दिशेने तो भक्कम असतो, बिजागरीची ताकद सुमारे ६३ किलोन्यूटन-मीटर. पण टेम्पो वरून येत नाही, समोरून येतो. त्या दिशेने हाच बीम कमकुवत असतो: जेमतेम १४. साडेचार पट फरक, आणि लोखंड तेवढंच. १४ म्हणजे किती? एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण चौदाशे किलो टांगल्यावर बोल्टवर जो पीळ येईल तेवढा.

आता हिशेब

बीम दोन खांबांच्या मधे सहा मीटर. टोकं वेल्ड केलेली. मधोमध धडक. मग तीन बिजागऱ्या तयार होतात: एक मधे, दोन टोकांना.

समजा टोकाची बिजागरी एका ठरावीक कोनातून फिरली. मधली त्याच्या दुप्पट फिरणार, कारण तिला डावीकडचा आणि उजवीकडचा असे दोन्ही तुकडे वळवतात. एक अधिक एक अधिक दोन, एकूण चार कोन. प्रत्येक कोनाला १४ चा पीळ लागतो. हे सगळं मिळून ९.६ किलोज्यूल खर्च व्हायला हवेत. आकडेमोड केली की कोन येतो सुमारे दहा अंश, आणि बीमचा मध्य जागेवरून ५२ सेंटीमीटर सरकतो.

सूत्राचं नाव काढायला हरकत नसेल तर शब्दांत सांगतो: ऊर्जेला लांबीने गुणा, बिजागरीच्या ताकदीच्या आठपटीने भागा. बस.

याच हिशेबातून सरासरी जोरही निघतो. ९.६ किलोज्यूल ५२ सेंटीमीटरांत जिरले म्हणजे जोर सुमारे १९ किलोन्यूटन, जवळजवळ दोन टन. आधी जोर विचारला असता तर उत्तर नव्हतं. ऊर्जा आणि बाक मिळाल्यावर जोर आपोआप मिळाला.

आणि वेग दुप्पट केला तर? ताशी २० ला ऊर्जा चौपट, सूत्र सांगतं दोन मीटरहून जास्त बाक. सहा मीटरच्या बीममध्ये असा बाक बसतच नाही. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की बीम जागेवर राहणार नाही, उखडून पडेल. सूत्राने वेडगळ उत्तर दिलं की समजायचं, आपण त्याच्या हद्दीबाहेर गेलो.

"हे फारच सोपं झालं, साहेब"

काकांची शंका रास्त होती. मोजपट्टीने बघितलं तर बाक ५२ भरत नव्हता. दोन टोकांना दोरी ताणून बांधली आणि मधलं अंतर मोजलं: ३४ सेंटीमीटर. मग पोरगं ताशी दहाच्याही खाली होतं की हिशेबात काही राहिलं? राहिलं होतं, आणि एकच गोष्ट नाही.

पहिली गोष्ट स्टीलची. घट्ट मळलेल्या कणकेत बोट हळूच दाबलं तर रुततं, फटकन मारलं तर अडतं. साधं स्टीलही झटक्यात ताणलं की जास्त विरोध करतं. ब्राउन विद्यापीठातल्या काउपर आणि सिमंड्स यांनी १९५७ मध्ये यासाठी एक सूत्र दिलं, ते आजही जगभर वापरलं जातं. त्यातून निघतं ते असं: ताणण्याचा वेग सेकंदाला आपल्या लांबीच्या चाळीस पट असेल तर साध्या स्टीलची यील्डची हद्द दुप्पट होते. तो सेकंदाला एक पट असेल तर जवळजवळ दीडपट. आमच्या बीममध्ये, बिजागरीच्या बाहेरच्या कडेचं स्टील सुमारे सात टक्के ताणलं गेलं, तेही एक तृतीयांश सेकंदात. एवढ्या वेगाला स्टील तीसेक टक्के जास्त ताकदीचं वागतं. ५२ चे झाले ४०.

शिवाय २५० ही कारखान्याने दिलेली किमान हमी आहे. प्रत्यक्षातला नग बहुधा त्याहून चांगलाच निघतो. डिझाइन करणाऱ्याला ही चैन वाटते, पण अपघाताचा मागोवा घेणाऱ्याला डोकेदुखी.

दुसरी गोष्ट, थोडी ऊर्जा लवचीक बाकात जाते आणि परत येते. इथे ती दहातला एक वाटा. धडकेच्या क्षणी बीम ३४ सेंटीमीटरच्या पुढे गेला होता आणि टेम्पो मागे घेतल्यावर सात-आठ सेंटीमीटर परत आला. रिंगा वळणाऱ्याची सळई येते तसाच. म्हणून ४० चे ३४-३५. हा वाटा छोटा असेल, म्हणजे आलेली ऊर्जा लवचीक क्षमतेच्या साधारण दहापट तरी असेल, तेव्हाच 'फक्त बिजागऱ्या मोजा' ही पद्धत चालते. हळू धक्क्याला ती लावली तर फसवते.

तिसरी गोष्ट बीमच्या वजनाची. थांबलेल्या बीमला टेम्पोच्या वेगाने हलवण्यातच थोडी ऊर्जा जाते. दीडशे किलोचा बीम आणि अडीच टनांचा टेम्पो, त्यामुळे नुकसान जेमतेम दोन टक्के, सोडून द्या. पण हलकी वस्तू प्रचंड वेगाने आली तर चित्रच बदलतं. १९५५ मध्ये पार्क्स यांनी एका टोकाला पकडलेल्या पट्टीच्या मोकळ्या टोकावर धडका देऊन बघितल्या. जड वस्तू हळू आली तर पट्टी मुळापाशी वळते. हलकी वस्तू वेगात आली तर पट्टी टोकाजवळच मुडपते आणि मुळापर्यंत बातमी पोचेपर्यंत खेळ संपत आलेला असतो. तिथे बिजागरी एका जागी बसून राहत नाही, पट्टीतून धावत जाते.

टोकं काय करतात, यावर सगळं अवलंबून

चौथी गोष्ट मात्र भल्याभल्यांना चकवते. मी धरून चाललो की टोकं वेल्डने घट्ट आहेत आणि तिथे पूर्ण ताकदीची बिजागरी तयार होते. ती टोकं नुसती खाचेत टेकवलेली असती तर तिथे पीळ लागलाच नसता, सगळी ऊर्जा मधल्या एकट्या बिजागरीला खावी लागली असती आणि बाक दुप्पट झाला असता.

याच्या उलटही होऊ शकतं. वाळत घालायच्या दोरीवर ओली चादर टाका. दोरीला वाकण्याची ताकद शून्य, तरी ती चादर पेलते, कारण ती ताणली जाते. बीमही जास्त वाकला की दोरीसारखा वागू लागतो. मध्य अर्धा मीटर पुढे गेला तर तिरक्या झालेल्या प्रत्येक अर्ध्या तुकड्याला चारेक सेंटीमीटर जास्त लांबी लागते. कमानीचे एकटे, उंच खांब तेवढे आत झुकतात आणि ही लांबी देऊन टाकतात. म्हणून आमचा हिशेब टिकला. पण तोच बीम दोन काँक्रीटच्या भिंतींमध्ये पक्का गाडला असता तर भिंती हलल्या नसत्या, दोरीचा ताण सुरू झाला असता आणि विरोध दहा पटींच्याही वर गेला असता. तोवर वेल्ड टिकला तर!

बहुतेक वेळा तो टिकत नाही. १९७३ मध्ये मेंकिस आणि ओपॅट यांनी दोन्ही टोकं पक्की धरलेल्या ॲल्युमिनियमच्या बीमवर स्फोटकांचे धक्के देऊन बघितले. धक्का वाढवत नेला तेव्हा तीन अवस्था दिसल्या. आधी बीम नुसता वाकतो. मग टोकाशी ताणून फाटतो. आणि धक्का फारच मोठा असेल तर वाकायलाही वेळ मिळत नाही, टोकाशी सुरीने कापल्यासारखा सरळ कातरला जातो. म्हणजे बाक मोठा तर धक्का मोठा, हे एका हद्दीपर्यंतच खरं.

मग सरळ जाड बीमच का लावत नाहीत?

हा प्रश्न नेहमी येतो, आणि त्यामागे 'वाकला म्हणजे कच्चा' ही समजूत असते. आपल्या बीमला नव्वद अंशांत फिरवून लावलं तर तो धडकेच्या दिशेने साडेचार पट ताकदीचा होईल. बाक ५२ ऐवजी ११ सेंटीमीटर. छान! पण थांबायला अंतर कमी मिळालं म्हणून जोर दोन टनांवरून साडेआठ टनांवर गेला. ड्रायव्हरला बसणारा धक्का आधी स्वतःच्या वजनाच्या पाऊणपट होता, आता साडेतीन पट. आणि बीम अजिबात न वाकणारा, टेम्पो एका सेंटीमीटरमध्ये थांबवणारा असता तर? जवळजवळ चाळीस पट. त्यात पोराचं डोकं काचेवर गेलं असतं, आणि बीम सरळ राहिला म्हणून ठेकेदाराचं कौतुक झालं असतं.

वाकू देणं हेच काम, हे सगळ्यांत सुंदर दाखवलं ते एका टेबलाने. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते. बहुतेकांच्या घरी तळघर नव्हतं आणि थंडीत बागेतल्या खड्ड्यात झोपणं अवघड होतं. जॉन बेकर या इंजिनिअरने घरातच ठेवायचा लोखंडी पिंजरा आखला: दिवसा जेवणाचं टेबल, रात्री त्याच्याखाली कुटुंब झोपणार. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांच्या नावाने तो मॉरिसन शेल्टर म्हणून ओळखला गेला आणि १९४१ मध्ये घरोघर वाटला गेला.

बेकरने थेट बाँब झेलायचं ठरवलंच नाही, ते परवडणारं नव्हतं. त्याने विचारलं, शेजारी बाँब पडून दुमजली घराचा वरचा मजला कोसळला तर किती ऊर्जा खाली येईल? मग पिंजऱ्याच्या चौकटीला ती ऊर्जा वाकून खाता येईल इतपतच लोखंड वापरलं. टेबलाचा माथा खाली दबणार होता, फक्त खाली झोपलेल्यांपर्यंत पोचणार नव्हता. न वाकणारं टेबल करायला गेला असता तर कित्येक पट लोखंड लागलं असतं आणि तेवढं लोखंड युद्धात कुणी दिलं नसतं. वाईट रीतीने पडलेल्या ४४ घरांची नंतर पाहणी झाली. त्या टेबलांखाली १३६ माणसं होती. त्यांतली १२० गंभीर इजा न होता बाहेर आली, तिघं गेली.

पण याचा अर्थ मऊ तेच चांगलं, असाही नाही. मोटारीच्या दारात आडवा लपवलेला बीम घ्या. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या भारत एनकॅपच्या चाचण्यांमध्ये गाडी ताशी २९ किलोमीटरने आडवी नेऊन खांबावर आदळण्याची एक चाचणी आहे. गाडीच्या बोनेटपाशी चेपायला अर्ध्या मीटरहून जास्त जागा असते, दारापासून तुमच्या बरगड्यांपर्यंत जेमतेम वीतभर. तिथे बीम ताठच हवा. किती वाकायचं ते मागे किती जागा आहे यावर ठरतं. बाकाचा अंदाज आधी काढायचा तो यासाठीच.

कॉम्प्युटर असताना ही पेन्सिल कशाला?

कॉम्प्युटर हे काम उत्तम करतो. बीमचे हजारो बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा ताण सेकंदाच्या साधारण दहा लाखाव्या हिश्शागणिक काढतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जॉन हॉलक्विस्ट यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या डायना-३डी या प्रोग्रॅमपासून ही परंपरा चालत आली आहे आणि आज गाडीच्या पहिल्या शेकडो टकरी पडद्यावरच होतात.

फक्त एक आहे. कॉम्प्युटर न लाजता चुकीचं उत्तर देतो. खांबाचं टोक पक्कं धरलं की सैल, झटक्याचे तीस टक्के घेतले की विसरले, वजनात किलोऐवजी टन टाकले: चित्र तितकंच रंगीत आणि देखणं येतं. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी असं एक देखणं चित्र साहेबांपुढे ठेवलं होतं. त्यांनी पाकिटाच्या पाठीवर चार ओळी खरडल्या आणि विचारलं, "तुझा बीम आलेल्या ऊर्जेच्या तिप्पट ऊर्जा खातोय. उरलेली कुठून आणली?" तेव्हापासून आधी पाकीट, मग पडदा.

ठोकून सरळ केला तर?

काकांचा दुसरा प्रश्न खर्चाचा होता. गॅसने तापवून, जॅक लावून बीम सरळ करता येईल. मग नवा कशाला?

यू-पिन घ्या, वाकवा, सरळ करा, परत वाकवा. असं काही वेळा केलं की तुटते. ताणलं जाण्याची स्टीलची शिल्लक ठरावीक असते, आणि प्रत्येक बाक त्यातून काही काढून घेतो. सरळ केलेला बीम दिसायला नवा आणि वजन पेलायलाही बहुधा पुरेसा. पण पुढच्या धडकेला त्याने किती ऊर्जा खायची हा आपला प्रश्न आहे, आणि त्याची शिल्लक किती उरली ते वरून दिसत नाही. टोकाच्या वेल्डमध्ये केसाएवढी भेग गेली असेल तर तीही नाही. बाजारात भंगाराचा भाव मिळतो तो घ्यावा आणि नवा लावावा.

त्या पोराचं काय?

आता उलटा हिशेब. बाक ३४ सेंटीमीटर. बिजागऱ्यांनी खाल्ली सहा-सव्वासहा किलोज्यूल, झटक्याचे तीस टक्के धरून आठ, लवचीक वाटा मिळवून साडेनऊच्या आसपास. अडीच टनांना एवढी ऊर्जा असायला वेग किती लागतो? ताशी दहा किलोमीटर.

चुका धरू. टोकांचे वेल्ड अगदीच ढिले असते तर बीमने निम्मीच ऊर्जा खाल्ली असती आणि वेग सात निघाला असता. टेम्पोच्या चेपलेल्या कोपऱ्यानेही आपला वाटा खाल्ला, तो धरला तर अकरा-बारा. उलट्या हिशेबात एक सोय असते: वेग हा ऊर्जेच्या वर्गमुळाने ठरतो, म्हणून ऊर्जेत वीस टक्के चुकलो तरी वेगात दहाच टक्के चुकतो. बाक आधी सांगताना माझी फजिती होऊ शकते, पण बाक बघून वेग सांगताना फारशी होत नाही.

"सात ते बारा," मी म्हणालो.

काकांनी एकदा बीमकडे बघितलं, एकदा पोराकडे. "म्हणजे पहिल्या गिअरमध्येच होता की हा!"

पोराने काही म्हटलं नाही, नुसता टेम्पोच्या फुटक्या कोपऱ्यावर हात फिरवत राहिला. काकांनी नवा बीम आपल्या गाडीतून उतरवायला माणसं लावली आणि मला विचारलं, "उभा लावू का आडवा?"

"आडवा लावला तर कमी वाकेल, पण पुढच्या पोराला जोरात लागेल."

"आणि मधे झोलही पडतो आडव्याला," काका म्हणाले. त्यांनी बीम उभाच चढवला. टोकांना मात्र या वेळी दोन्ही बाजूंनी भरून वेल्ड मारला.